विहिरीतला डोकऱ्या

आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. आम्ही लिंगायत, अंड्याचं नाव काढलं तरी आजी पदर नाकाला लावायची. अशा घरातल्या माणसानं रोजची सकाळ एका माशाची वाट बघण्यात घालवावी, तीही तीसेक वर्षं, हे कुणाला सांगितलं तर लोक हसतात. हसू देत. पुष्कळ वर्षं मीही हसलोच.

तो माणूस म्हणजे आप्पा, माझे वडील. कोडोलीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. ओढ्याच्या काठावर गावाची पिण्याची विहीर, विहिरीवर मोटार, मोटारीचं पाणी टाकीत आणि टाकीतून घरोघरी. हे पाणी सोडायचं काम आप्पांचं. आमचं घर विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मोटार सुरू झाली की स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा हलकी थरथरायची. त्याच आवाजावर मी लहानाचा मोठा झालो, शिकलो आणि कोल्हापूरला गेलो. आता कसबा बावड्यात राहतो आणि शाळेत विज्ञान शिकवतो. हे शेवटचं मुद्दाम सांगतोय. पुढं जे झालं त्यात माझ्या अज्ञानापेक्षा माझ्या ज्ञानाचा हात जास्त आहे.

विहिरीत एक डोकऱ्या होता. डोकऱ्या म्हणजे मरळीच्या घराण्यातला बुटका मासा. मोठा झाला तरी वीतभर. अंग मातकट, डोकं सापासारखं चपटं, पाठीवरच्या पराला निळसर झाक आणि कडेला बारीक केशरी रेघ. उन्हात धरलं तरच ती रेघ दिसते, एरवी तो नुसता ओढ्यातल्या दगडासारखा दिसतो. त्याची खोड अशी, की त्याला पाण्यातली हवा पुरत नाही. दर थोड्या वेळानं तो वर येतो, तोंड बाहेर काढून हवेचा एक घोट घेतो आणि खाली जातो. टप्प असा बारीक आवाज होतो. उन्हाळ्यात ओढा आटला की ओल्या चिखलातून सरपटत दुसरं डबकं गाठतो, नाहीतर काठाच्या बिळात ओल धरून पडून राहतो. चिवट जात.

आप्पा पहाटे नाही, चांगलं उजाडल्यावर विहिरीवर जायचे. कठड्याला हात टेकून उभे राहायचे आणि डोकऱ्या वर यायची वाट बघायचे. तो वर आला, टप्प झालं, की मोटारीचं बटण दाबायचं. तो वर आल्याशिवाय गावाला पाणी सुटायचं नाही. कधीकधी तो दहा-दहा मिनिटं यायचा नाही आणि नळाजवळ घागरी मांडून बसलेल्या बायका घरातूनच ओरडायच्या, "ओ आप्पा, मासा उठला न्हाय का अजून?" आप्पा ढिम्म. त्यांचं म्हणणं सरळ होतं. विहिरीत कुणी काही टाकलं, काही पडलं, तर ते आधी त्याला कळेल. कागदावरचा पाण्याचा अहवाल पंधरा दिवसांनी यायचा. हा रोज द्यायचा.

'पाळला' हा शब्द मात्र त्यांना चालायचा नाही. "त्यो कामाला हाय," म्हणायचे.

मला त्याच्या सवयी शिकवल्या त्या आप्पांनीच. मासा न खाणाऱ्या माणसाला एवढं कुठून कळलं, तर गावातल्या चाचांकडून. चाचा गाद्या भरायचं काम करतात, आणि हात रिकामे झाले की ओढ्यावर जातात. गळ नाही, जाळं नाही. काठाच्या बिळात नुसता हात घालून मासा काढतात. विहिरीचा गाळ काढला की नवा डोकऱ्या चाचाच आणून द्यायचे. त्यांनीच आप्पांना सांगितलं होतं, की या जातीत पोरं बाप सांभाळतो. मादी अंडी देते आणि नर ती सगळी तोंडात घेतो. आठ-दहा दिवस तोंड मिटून बिळात बसतो. त्या दिवसांत खात नाही, भांडत नाही, हवेचा घोट घ्यायला येतो तोही जपून, चोरासारखा. मादी आसपास राखण करते. पिल्लं बाहेर पडली तरी काही दिवस त्याच्या डोक्याभोवतीच घोटाळतात आणि सावली पडली की परत तोंडात शिरतात. म्हणून चाचांचा नियम होता. मासा हाताला लागला की अंगठ्यानं त्याचा गळा चाचपायचा. फुगीर लागला, म्हणजे तोंड भरलेलं आहे, तर ज्या बिळातून काढला त्याच बिळात परत सोडायचा. चार हात इकडंतिकडंसुद्धा नाही. चाचा मासे तळून खाणारे आणि आप्पा वासानंही तोंड फिरवणारे, पण या एका गोष्टीवर दोघांचं जमायचं.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, आप्पांच्या पोटाचं ऑपरेशन करावं लागलं. आतड्यात गाठ होती. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं आणि गावचं पाणी सोडायचं काम माझ्यावर आलं. सकाळी विहीर, दुपारी गाडी काढून कोल्हापूर, संध्याकाळ त्यांच्या कॉटशेजारी आणि परत गाव. रात्री बायको त्यांच्याजवळ थांबायची.

पहिल्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीत नेताना त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काही शेतीचं, घराचं सांगतील.

"त्यो वर आल्याबिगर मोटार चालू करू नगंस," ते म्हणाले.

"बरं."

"आणि औषध टाकायची पाळी आलीच, तर त्येला आदी काढ. बादलीत ठेव. वर ताट झाक, न्हायतर उडी मारतोय. दोन दिवसांनी सोड परत."

औषध म्हणजे ब्लीचिंग पावडर. एरवी ती टाकीत पडते, बेतानं. पण कुठं साथ आली की विहिरीतही जास्तीची टाकावी लागते. टाकण्याआधी आप्पा दोरीला टोपली बांधून, टोपलीत कणकेची गोळी ठेवून, तासभर खटपट करून त्याला वर काढायचे. अख्ख्या गावानं तो तमाशा पाहिलेला होता.

आठवड्याभरात वरच्या वाडीत जुलाबाची साथ आली. ग्रामपंचायतीतून निरोप आला, आजच्या आज विहिरीत औषध टाका. मी टोपली सोडली. पहिल्यांदा तो जवळ आला, हुंगून गेला. दुसऱ्यांदा मी घाई केली आणि तो बुडाशी गेला. तिसऱ्यांदा तर दिसलाच नाही. ऊन डोक्यावर आलं होतं, दवाखान्यात जायचं होतं, आणि वाडीतली दोन माणसं सलाइनवर आहेत असं कळलं होतं. मी टोपली वर ओढली आणि विचार केला. विज्ञानाच्या मास्तरासारखा विचार केला. हा मासा श्वास कुठून घेतो? वरून, हवेतून. मग पाण्यातलं औषध त्याला काय करणार?

किती पटण्याजोगं होतं ते! वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला शाबासकी दिली असती.

पावडर बादलीत कालवली, गाळ खाली बसू दिला, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडलं. सगळं नियमानं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाण्यावर आडवा तरंगत होता, पोट वर. कल्ले पांढरे पडले होते. हवेचा घोट घेणारा असला म्हणून काय झालं, कातडी आणि कल्ले त्यालाही होतेच की. हे मला त्या सकाळी सुचलं. आदल्या दिवशी नाही सुचलं. मी त्याला टोपलीनं काढलं, पलीकडच्या बांधावर पुरलं आणि मोटार चालू केली. पहिल्यांदाच, कुणाची वाट न बघता.

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "येतोय का वर?"

"येतोय की," मी म्हणालो.

नाकात नळी, हाताला सुई, ओठ सुकलेले. अशा माणसाला काय सांगणार? घरी आल्यावर सांगू म्हटलं. मग रोज ते विचारत गेले आणि रोज मी सांगत गेलो. आज लवकर आला. आज जरा उशीर केला. आज एक चतुर पकडला. शेवटी शेवटी मी न विचारताच सांगायला लागलो. मला स्वतःची शिसारी यायची, पण त्यांचा चेहरा तेवढ्यापुरता सैल पडायचा आणि मला त्याची चटक लागली. दवाखान्यात दुसरं काहीच चांगलं सांगण्यासारखं नव्हतं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. गाठ काढली होती, पण रोग पसरला होता. घरी घेऊन जा, म्हणाले. खातील ते खाऊ द्या.

आप्पांना उद्या घरी जायचंय म्हटल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. सकाळी विहिरीवर न्यायचं. खुर्चीत बसवून का होईना.

मी तसाच गावी आलो आणि चाचांकडे गेलो. त्यांना सगळं खरं सांगितलं. गादीला टाका घालता घालता त्यांनी ऐकून घेतलं, सुई कापडात खोचली आणि उठले. "चल," म्हणाले. "पर ओढ्यात आता काय ऱ्हायलंय बेटा, बघू."

ओढ्यात मशीन लागलं होतं. ओढा खोल आणि रुंद करायचं काम गावानं घेतलं होतं, पाणी मुरावं म्हणून. खालच्या अंगापासून जेसीबी वर वर येत होता. जिथपर्यंत तो आला होता तिथपर्यंतचे दोन्ही काठ सरळ तासलेले होते, वाळुंजाची झुडपं नाहीत, दगड नाहीत, बिळं नाहीत. आम्ही मशीनच्या वरच्या बाजूला गेलो. चाचांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि एकेका बिळात हात घालत निघाले. एक खेकडा निघाला. एक पाणसाप निघाला, तो त्यांनी सोडून दिला. ऊन कलायला लागलं. एका उंबराच्या मुळाशी त्यांचा हात खांद्यापर्यंत आत गेला, आणि ते थांबले. हळूच हात बाहेर काढला. हातात डोकऱ्या होता. चांगला मोठा, जुन्याच्या मापाचा. माझ्या जिवात जीव आला.

चाचांनी अंगठा त्याच्या गळ्याखाली फिरवला.

"न्हाय," ते म्हणाले. "भरल्यालं हाय तोंड. दोन वळीव झाल्यात न्हवं, जोड्या जमल्या असतील. सोडतो."

"चाचा, नका सोडू."

"आरं, पोरं हायत तोंडात त्याच्या."

"उद्या सकाळी आप्पा विहिरीवर येणार. दुसरा कुठं मिळणार आता?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मासा त्यांच्या मुठीत होता, तोंड घट्ट मिटलेलं. "तुझ्या आप्पानं न्हेला नसता," ते म्हणाले.

"आप्पा मरायला टेकलेत," मी म्हणालो. असं मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो होतो.

त्यांनी मासा बादलीत सोडला आणि पाय धुवायला खाली वाकले. मी बादलीवर ताट झाकलं. अर्ध्या वाटेवर हात बदलायला बादली खाली ठेवली आणि ताट उचलून बघितलं. पाण्यावर पिवळे दाणे तरंगत होते, हळद लावलेल्या साबुदाण्यासारखे. शंभर असतील, जास्तही असतील. मासा बुडाशी होता आणि त्याचं तोंड उघडं होतं. चाचांनीही वाकून पाहिलं. "टाकलं त्यानं," एवढंच म्हणाले. ती अंडी तशीच पाण्याबरोबर विहिरीत गेली. दुसरं काय करायला हवं होतं, ते मला अजूनही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून आणल्यावर आप्पांना आधी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चाचांनी आणि मी विहिरीवर नेलं. तीन आठवड्यांत ते एवढे हलके झाले होते, की खुर्चीचंच वजन जास्त वाटत होतं. त्यांनी कठड्याला हात टेकला आणि वाट बघत बसले. आम्हीही. पंधरा मिनिटं तरी गेली असतील. मग पाणी हललं, तो वर आला, एक घोट घेतला आणि गेला.

आप्पांच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. त्यांनी चाचांना चहा प्यायला घरी पाठवलं. ते वळणाआड गेल्यावर मला म्हणाले, "ह्यो आपला न्हाय."

मी उगाच त्यांची खुर्ची सरळ केली.

"आपला कवा गेला?"

"साथीच्या वेळी. औषध टाकलं तेव्हा. काढायला जमलं नाही मला."

मला वाटलं, आता शिव्या देतील. आप्पांच्या शिव्या नामी असायच्या. पण ते म्हणाले, "औषध टाकलास ते बराबर केलास. गावापेक्षा मासा मोठा न्हाय." आणि थोड्या वेळानं, "मला वाटलंच हुतं. त्यो चतुर कवा खाईत न्हवता."

एवढं बोलून त्यांना दम लागला. मी मोकळा झालो असं वाटून माझे डोळे भरले. तेवढ्यात डोकऱ्या पुन्हा वर आला, आणि आप्पा पुढं झुकले.

"ह्येच्या गळ्याची कातडी बघ. लोंबतीया," ते म्हणाले. "तोंड भरल्यालं हुतं का ह्येचं?"

मी नाही म्हणू शकलो असतो. त्यांच्या डोळ्यांपुढं ते जमलं नाही. "होतं," म्हणालो. "बादलीत टाकलं त्यानं."

"चाचानं सांगितलं न्हाय?"

"सांगितलं. मीच ऐकलं नाही."

"का?"

"तुम्हाला दाखवायचा होता म्हणून."

मग आप्पा जे बोलले ते मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. "माझ्यापायी त्येचं घर मोडलास व्हय रं," ते म्हणाले. "मी असा किती दिवसांचा? आणि त्यो बाप कसला घट्ट बसला हुता तोंड मिटून."

आयुष्यभर मला या माणसाचा मार बसला, बोलणी बसली. पण इतकं खाली पडल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. त्या क्षणी विहिरीत उडी टाकावी, इतकी लाज वाटली.

"उद्या त्येला न्हेऊन सोड," ते म्हणाले. "जिथनं काढलास तिथंच. मादी हाय तिथं. ती थांबती. परत अंडी घालतील."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टोपली सोडत बसलो. या वेळी मी घाई केली नाही. दिवस मावळता मावळता तो आला टोपलीत. सकाळी बादली घेऊन एकटाच ओढ्यावर गेलो.

लांबूनच मशीनचा आवाज आला. उंबर आडवा पडला होता. त्याची मुळं वर आभाळाकडे होती आणि ओली माती त्यांना अजून चिकटून होती. जिथं बीळ होतं तिथं सरळ तासलेला तांबडा काठ होता, मशीनच्या दातांचे ओरखडे असलेला. खाली सगळा राडा. त्यात मासा काय, बेडूकसुद्धा दिसत नव्हता. मी तरीही बादली घेऊन खाली उतरलो. मशीनवाला वरून ओरडला, "ओ पावणं, बाजूला व्हा की! दरड यील अंगावर."

मी बाजूला झालो. वरच्या अंगाला फर्लांगभर चाललो, पण तिथं ओढ्यात पाणीच नव्हतं, नुसते तापलेले दगड. मादीचं काय झालं असेल याचा विचार मी करू दिला नाही स्वतःला. बादली घेऊन परत आलो आणि त्याला विहिरीत सोडून दिलं. आणखी कुठं सोडणार?

आप्पा खिडकीजवळच्या खाटेवर पडले होते. मी आत आलो तसं त्यांनी डोळे उघडले.

"सोडलास?"

दोन आठवडे मी या माणसाशी रोज खोटं बोललो होतो. सफाईनं, तिखटमीठ लावून. त्या सकाळी ठरवलं, आता बस. ज्या खोट्यानं हे सगळं झालं ते आणखी वाढवायचं नाही. मला वाटलं, निदान एवढं तरी मी नीट करतोय.

"नाही आप्पा," मी म्हणालो. "काठच राहिला नाही. मशीन तिथपर्यंत आलं. उंबरही पाडला."

"मादी?"

"काही दिसलं नाही. वरपर्यंत बघून आलो. ओढ्यात आता काही नाही."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. नुसते छताकडे बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं. आप्पांना रडताना मी तोवर पाहिलेलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. बायकोनं दिलेला दुधाचा कप त्यांनी हातानं बाजूला सारला.

गावात ज्याला त्याला पाण्याची घाई होती. मोटारीवर मी शेजारच्या एकाला ठेवलं होतं. त्यानं बटण दाबलं आणि नेहमीसारखी भांडी थरथरली.

"ती खिडकी लाव," आप्पा म्हणाले. "आवाज नगं वाटतो."

मी खिडकी लावली. त्यानंतर ते नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांत त्यांनी विहिरीचं नाव काढलं नाही, आणि ती खिडकी मला उघडू दिली नाही. 'सोडला' एवढा एकच शब्द मी बोललो असतो तर पुरलं असतं.